मधली चौथी रेघ

सोमवार, ३ जून

ही वही मी मागितलेली नाही. वकीलबाईने हातात कोंबली आणि म्हणाली, "आजी, रोज कोण आलं, काय बोललं, सगळं लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल." चौथीत शाळा सुटलेल्या बाईला या वयात गृहपाठ! आणि का, तर एका साहेबाने काचेवरचा डाग बघितला आणि सांगितलं की हा या म्हातारीच्या नातीचा अंगठा. पोर आज बाराव्या दिवशीही कोठडीत आहे. जामीन नाही. म्हणून आधी तक्रार लिहिली, नमस्कार-चमत्कार मागून.

हां, आता नमस्कार. मी रफू करते. रस्त्याला लागून एक खोली, खिडकीशी माझी खुर्ची, पडद्याच्या मागे दोन खाटा. पंचेचाळीस वर्षं फाटलेल्यात दोरे भरतेय. नात शाळेची बस चालवते. चालवायची.

झालं ते असं. तीन गल्ल्या सोडून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. एका संध्याकाळी कोणीतरी मागची खिडकी उचकटून आत शिरलं. दुकानदार जिन्यावर आडवा आला, त्याला ढकललं. कंबर मोडली बिचाऱ्याची, आणि ढकलणारा त्याला दिसलाही नाही. पोलिसांना काचेवर एक अंगठा मिळाला. बसच्या नोकरीला लागताना नातीने दहाही बोटांचे ठसे दिले होते, ते सरकारी यंत्रात पडून होते. यंत्राने म्हणे वीस जणांचे जवळपासचे ठसे काढून दिले. त्यातली माझी नात सगळ्यांत जवळ राहणारी. तिने त्या दुकानात आयुष्यात पाय ठेवलेला नाही.

हात दुखला. उद्याचं उद्या.

बुधवार, ५ जून

आज कोर्टात अंगठ्याच्या साहेबाला बघितलं. उंच, गुळगुळीत दाढी, बोलताना भिंतीकडे बघतो. एक मोठा फळा लावला. फळ्यावर दोन अंगठे, ताटाएवढे. डावीकडे काचेवरचा, पुसट. उजवीकडे नातीचा, स्वच्छ. दोन्हींवर लाल रेघा ओढून एक ते बारा आकडे घातलेले. म्हणाला, "बारा जागा जुळतात. शंभर टक्के तोच अंगठा."

वकीलबाईने विचारलं, "चूक होऊ शकते का?"

"तीस वर्षांत माझ्या हातून झालेली नाही. शिवाय दुसऱ्या तज्ज्ञानेही स्वतंत्रपणे तपासलंय. तो सहमत आहे."

न्यायाधीशांनी मान डोलावली. नात पिंजऱ्यात उभी, आपला अंगठा मुठीत दाबून. जसा काही तो कोणी उपटून नेणार होतं.

साहेब माझ्यासमोरून बाहेर गेला. त्याच्या कोटाचं अस्तर मागून बोटभर उसवलं होतं. दुसऱ्या कोणाला हाक मारून सांगितलं असतं. याला नाही सांगितलं. उसवू दे, लोंबू दे, पायात येऊन पडू दे.

याच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द बाहेर काढीन तेव्हाच मी गप्प बसेन. भर कोर्टात. इथे लिहून ठेवते म्हणजे वयामुळे विसरायला नको.

रविवार, ९ जून

भेटीची वेळ पंधरा मिनिटं, मधे जाळी. पोर वाळली आहे. मी म्हटलं, "खात जा गं." ती म्हणाली, "आजी, त्या संध्याकाळी मी घरात झोपले होते. ताप होता. तूच कपाळावर पट्ट्या ठेवल्यास. मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

का नाही सांगितलं. पोलीस आला तो बुटांसकट गिऱ्हाईकाच्या शालीवर उभा राहिला. दोन आठवडे त्या शालीवर डोळे फोडले होते मी. वर म्हणतो, "ए म्हातारे, नात कुठे होती त्या दिवशी?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी काय तिच्या मागे पाळत ठेवून असते? मला नाही माहीत. पाय काढ आधी." त्याने तेवढंच लिहून घेतलं. आता खरं सांगितलं तर म्हणतात, आजी नातीसाठी खोटं बोलते.

याच्यावर अजून काही लिहायचं नाही.

शुक्रवार, १४ जून

एक नवीन गिऱ्हाईक. साठीचा माणूस, जाड चष्मा, आवाज हळू. राखाडी कोट आणला, बाहीला भोक. मी भोक उजेडात धरलं. कसरीने खाल्लेलं नाही, घासून झिजलेलंही नाही. चारी बाजूंनी दोरे एका रेषेत तुटलेले, कात्रीने कापल्यासारखे. म्हणाले, "खिळ्यात अडकला." पुरुषांना स्वतःच्या कोटाचं काय झालं ते कधी धड माहीत असतं!

मी दोरे मोजायला लागले तर बघतच राहिले. "मोजून भरता?"

"मग काय अंदाजाने? उभे किती, आडवे किती, कुठला दोरा कुठे संपतो, कुठे दोन होतात, ते बघितल्याशिवाय सुई लावत नाही मी."

खिशातून भिंग काढून ते माझं जुनं काम बघत बसले. नोकरी काय विचारलं तर म्हणाले, "कागद तपासायचो. मागच्याच महिन्यात निवृत्त झालो." नेहमीप्रमाणे कोटाला चिठ्ठी टाचली आणि तिच्यावर त्यांची सही घेतली. मग आपणहून नातीचं विचारलं. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्यांना कोणी सांगितलं असेल. मी साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते खाली मान घालून ऐकत होते. चांगले ऐकणारे आहेत.

गुरुवार, २० जून

कोटवाले परत आले. सोमवारीच नेलेल्या कोटाच्या आता दुसऱ्या बाहीला भोक, तसंच कापल्यासारखं. म्हटलं, "तो खिळा काढून टाका की घरातला!" हसले नाहीत.

त्यांना ठशातलं बरंच कळतं. कागद तपासणाऱ्यांना कळत असावं. माझ्याच बोटावर भिंग धरून दाखवलं. या रेघा म्हणजे कातडीचे उंचवटे, आईच्या पोटात असताना उठतात आणि मरेपर्यंत तशाच राहतात. कोणाचं चक्र, कोणाचा शंख, कोणाची साधी कमान. पण चक्र-शंख हजारोंचे सारखे, त्यावरून माणूस ठरत नाही. माणूस ठरतो बारीक जागांवरून. रेघ कुठे तुटते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे नुसता ठिपका आहे. आणि दोन जागांच्या मधे किती रेघा आहेत.

"आणि एक जागा जुळली नाही तर?"

"न जुळण्याचं नीट कारण देता आलं पाहिजे. नाही देता आलं तर बाकीच्या पन्नास जुळून उपयोग नाही. तो माणूस तो नव्हे."

मग म्हणाले, "खरी मेख निराळीच आहे, बाई. आधी पुसट ठसा एकटा बघायचा. त्यात काय दिसतं ते लिहून काढायचं. मगच स्वच्छ ठसा उघडायचा. उलटं केलं की डोळा फसतो. स्वच्छ ठशात जे दिसलं तेच डागात दिसायला लागतं. तुमच्या नातीच्या उजव्या अंगठ्याचा शंख साधा आहे, तसे खूप असतात. तिथे तर फारच जपावं लागतं."

उजवा अंगठा हे मी सांगितलंच नव्हतं. बरोबर ओळखलं! हुशार माणूस.

चहा दिला. बिनकानाचा कप त्यांना कसा देणार, म्हणून वरच्या फळीवरचे निळे कप काढले. तसेही धुवायचेच होते.

गुरुवार, २७ जून

वकीलबाईने फळ्याची मोठी प्रत आणून दिली. दुपारभर खिडकीत घेऊन बसले. बारा आकडे मी बघितलेच नाहीत. आकडे साहेबाने घातलेत, साहेबाचे आकडे बघून साहेबाचंच म्हणणं दिसणार. मी मधल्या रेघा मोजल्या, सुईच्या टोकाने, एकेक दोरा मोजावा तशा. पाच आणि सहा आकड्यांच्या मधे काचेवरच्या अंगठ्यात तीन रेघा. नातीच्या अंगठ्यात चार.

पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून मोजल्या. खालच्या बाजूने मोजल्या. तीन आणि चार.

कोटवाले आले (या वेळी कोट नव्हता, म्हणाले सहज आलो). त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि सुई हातात दिली. "मोजा."

त्यांनी मोजल्या. भिंग काढून पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "साहेब म्हणतील, काचेवर अंगठा दाबला गेला, कातडी ताणली गेली, म्हणून फरक दिसतो."

"ताणल्याने वीण सैल होते. दोरे कमी-जास्त कसे होतील?"

"हे असंच सांगा वकीलबाईंना. याच शब्दांत."

"तुम्हीच चला की. तुम्हाला कळतं. मी काय, रफूवाली म्हातारी!"

त्यावर एकदम उठले. चहा अर्धा टाकून. तब्येत बरी नसावी. चेहरा कसातरीच झाला होता. रविवारी काढा करून ठेवावा म्हणते.

मंगळवार, २ जुलै

काढा ओतून दिला. कपही वर ठेवून दिले.

वकीलबाईला चौथी रेघ दाखवली, तिने मला मिठीच मारली. मग प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल काढला, आजच हातात आलेला. शेवटच्या पानावर दोन सह्या. एक साहेबाची. दुसरीच्या वर लिहिलेलं, 'सहमत'.

दुसऱ्या सहीचं शेपूट खाली जाऊन डावीकडे वळतं आणि स्वतःलाच कापतं. मी हे शेपूट बघितलेलं होतं. डब्यातली एक आणि खुंटीवरच्या कोटाला टाचलेली एक, अशा त्याच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि अहवालाशेजारी ठेवल्या. घाई केली नाही. त्यानेच शिकवलंय ना, एका जागेवरून ठरवायचं नाही. सुरुवातीचा वळसा सारखा. मधली उडी सारखी. दोन टिंबं, त्यातलं दुसरं ओढलेलं. न जुळणारी एकही जागा सापडली नाही. खूप शोधली. सापडली असती तर बरं झालं असतं, असं नाही हां. नुसतं नीट शोधावं म्हणून.

म्हणजे तो दुसरा तज्ज्ञ हा होता. माझ्या नातीला आत घालून माझ्या खिडकीत बसून चहा पीत होता. आणि ती भोकं! स्वतःच्या हाताने कात्री लावून आला. मी, पंचेचाळीस वर्षं कापड बघणारी, ते बघूनही गाढवासारखी रफू करत बसले!

शुक्रवार, ५ जुलै

आला. कोट खुंटीवर होता. मी चिठ्ठी आणि अहवालाची प्रत मेजावर शेजारी शेजारी ठेवली. "जुळतंय का बघून सांगा. तुमचंच काम आहे."

बसला. भिंग काढलंही नाही. म्हणाला, "जुळतंय."

"किती वेळ बघितला होतात माझ्या पोरीचा अंगठा?"

"नोकरीचे शेवटचे दिवस होते. मेजावर ढीग होता. साहेबांनी लाल खुणा केलेला कागदच पुढे सरकवला. म्हणाले, बघून घे, सरळ आहे."

"मी विचारलं, किती वेळ."

"पाच मिनिटं असतील. अंगठे नाही बघितले मी. साहेबांच्या खुणा बघितल्या." मग म्हणाला, "निवृत्त झाल्यावर झोपेना. मनात एकच, पाच आणि सहाच्या मधे काहीतरी होतं. खात्री करायला कागद हातात नव्हता. इथे आलो तो..."

"इथे आलात ते म्हातारीला शिकवायला. म्हणजे तिने भांडावं आणि तुम्ही घरी झोपावं."

त्याने खिशातून पत्र काढलं. कोर्टाला लिहिलेलं. चौथ्या रेघेचं सगळं त्यात होतं, चांगलं मुद्देसूद. खाली सही नव्हती.

"सही?"

"बाई, वीस वर्षांत शेकड्यांनी सह्या केल्यात मी साहेबांच्या खुणांखाली. ही एक चुकली म्हटलं तर सगळ्या फायली उघडतील. त्यातले किती आत आहेत, मला आता मोजायचीसुद्धा भीती वाटते."

"उघडू देत की! तुमच्या फायलींना वारा लागेल."

"साहेबांनी मला नोकरीला लावलं होतं."

"आणि माझ्या नातीने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

रडला. पुरुष माणूस रडला की समोरच्याने विरघळायचं असतं म्हणे. मी पत्र चार तुकडे करून त्याच्या मांडीवर ठेवलं. बिनसहीचा कागद माझ्याकडे रद्दीत पुष्कळ आहे. कोट खुंटीवरून काढून त्याच्या अंगावर टाकला. म्हटलं, "रफू पक्की आहे. कुठे केलीय ते तुम्हालाही सापडणार नाही. मी काम बघून करते."

तो गेल्यावर खुर्ची खिडकीपासून आत ओढली. ऊन येतं.

मंगळवार, १६ जुलै

आज साहेबाला घाम फुटलेला बघितला. परमेश्वराने डोळे दिले त्याचं सार्थक झालं.

वकीलबाई गोड आवाजात म्हणाली, "साहेब, पाच आणि सहाच्या मधल्या रेघा मोठ्याने मोजता का?" डावीकडे मोजल्या. एक, दोन, तीन. उजवीकडे एक, दोन, तीन... आणि थांबला. न्यायाधीश म्हणाले, "पुढे?" म्हणाला, "चार." मग तेच, दाब पडतो, कातडी ताणली जाते. वकीलबाईने माझं वाक्य जसंच्या तसं फेकलं. "ताणल्याने वीण सैल होईल, दोरा कमी-जास्त कसा होईल?" कोर्टात कोणीतरी फिसकन हसलं. तो पहिल्यांदाच भिंत सोडून माणसांकडे बघायला लागला.

तिने दुसऱ्या तज्ज्ञालाही बोलवा म्हटलं. सरकारी वकील म्हणाला, ते निवृत्त आहेत, प्रकृती बरी नसते. प्रकृती शेवटच्या बाकावर बसली होती, राखाडी कोट घालून. मी मान वळवून बघत राहिले. आता उठेल, आता उठेल. कोटाचं बटण फिरवत बसला. वकीलबाईला दाखवणार तोवर दार ढकलून गेला.

न्यायाधीशांनी हुकूम दिला की काचेवरचा ठसा बाहेरच्या तीन तज्ज्ञांकडे वेगवेगळा पाठवा. कोणाला आधीचा निकाल सांगायचा नाही, एकमेकांचाही नाही. साहेब म्हणाला, "फेरतपासणीला माझी हरकत नाही." वा रे! हरकत नाही म्हणे. 'चुकलो' म्हण ना.

गुरुवार, ८ ऑगस्ट

तिघांनीही लिहिलं: हा अंगठा तिचा नाही. एकाने पाच-सहाच्या जागेशिवाय आणखी दोन जागा काढल्या न जुळणाऱ्या. त्या माझ्याही नजरेतून सुटल्या होत्या.

पोर दुपारी घरी आली. मी म्हटलं, "आधी आंघोळ कर, वास येतोय." बाकी काय बोलायचं असतं अशा वेळी? ती हसली आणि मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही. पाठीवर हात ठेवला. हाडं लागली हाताला.

बुधवार, १४ ऑगस्ट

शाळेतून फोन आला. "निर्दोष सुटली हे कळलं, आनंद आहे. पण पालकांची तयारी नाही." मी फोनमधूनच त्यांना आनंद दाखवला. पुन्हा करणार नाहीत फोन.

पोरीला तुरुंगात स्वच्छतेची चांगली सवय लागली आहे. पाणी प्यायली की पेला पुसून ठेवते. दाराची कडी उघडली की पदराने पुसते. काल खिडकीची काच लावली आणि दोन्ही बाजूंनी पुसली. आधी किती पसारा असायचा तिचा! म्हटलं, "चांगलं आहे." तर माझ्याकडे असं बघितलं की मी सुईत दोरा ओवायला लागले. तीनदा चुकला.

सोमवार, १९ ऑगस्ट

प्रयोगशाळेचं पत्र आलं. वकीलबाईने वाचून दाखवलं. 'सदर बाब तांत्रिक स्वरूपाची असून झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. आपल्या शंकांबाबत कार्यालयातर्फे योग्य ते उत्तर देण्यात येईल.' नाव कोणाचंच नाही. साहेबाची म्हणे बदली झाली, वरच्या जागेवर. गैरसोय! अडीच महिने जाळीच्या आड ठेवलं आणि म्हणे गैरसोय!

नात म्हणाली, "आजी, सोड ना आता. मी आले ना घरी?"

"तू आलीस. ते दोघे कुठे आलेत अजून?"

वकीलबाई म्हणाली, "आजी, कार्यालयाने उत्तर देणार म्हटलंय, तेही काही कमी नाही. आणि तो दुसरा माणूस, त्याने तुम्हाला मदतच केली की. मनाला लागलंय त्याच्या."

"मनाला लागलंय तर मलम त्याने घ्यावं. मी का लावू?"

"बरं, मग या पत्राला उलट काय लिहायचं?"

मी सांगितलं, ती लिहीत गेली. विसरायला नको म्हणून इथेही उतरवते.

कार्यालयाचं उत्तर आम्हाला नको. कार्यालयाला अंगठा नसतो आणि कार्यालय सही करत नाही. सह्या दोन माणसांनी केल्या. त्या दोघांनी भर कोर्टात यायचं. साहेबाने बदलीच्या गावाहून यायचं, भाडं लागेल तर मागू नये. आधी त्याने बोलायचं आणि एकच शब्द बोलायचा, तो त्याला माहीत आहे. मग कोटवाल्याने बोलायचं. त्याच्या वतीने साहेबाने बोलायचं नाही, वकिलाने नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीने नाही, आणि माझ्यामार्फत तर मुळीच नाही. पाच मिनिटांत काय बघितलं, वीस वर्षांत काय काय बघितलं नाही, कोणकोण अजून आत आहेत, हे माझी नात समोर उभी राहून विचारेल. तिच्याकडे बघून, खाली मान न घालता, त्याचं उत्तर त्याने स्वतः द्यायचं.